निंबा, तू अर्धंच ऐकलंस

मेहरूण, जळगाव
नोव्हेंबर १९९५

प्रिय निंबा,

सुमन काल एरंडोलच्या बसने इथे आली. तुमच्या लेकीला, उजूला, सोबत आणलंय. तू दिवाळीआधीच मळ्यातल्या खोपीत राहायला गेलास, ताट-तांब्या वेगळा केलास, सुमनने बांधावर ठेवलेली भाकरी ती वळल्यावरच उचलतोस, हे सगळं तिने सांगितलं. ती रडली नाही. तुझं स्वेटर तेवढं पिशवीतून काढलं आणि उसवलेली बाही शिवत बसली.

आज शाळेतून अर्धी रजा काढून मी तुझ्या डॉक्टरीणबाईंना भेटून आले. तू त्यांच्यासमोरून मधेच उठून गेलास, हे त्यांच्याही मनाला लागून राहिलंय. हा आजार शरीरात कसा पसरतो, असं तूच त्यांना विचारलंस ना? लहानपणी रेडिओ बिघडला की आधी तो उघडून बघायचास, तसंच. त्यांनी मलाही पहिल्यापासून समजावलं. रोगाशी झुंजणाऱ्या पांढऱ्या पेशी एकेकट्या काम करत नाहीत. एकीला शत्रू सापडला, की ती दुसरीला अगदी चिकटून त्याची ओळख पटवून देते. एचआयव्हीचा विषाणू नेमकं हेच जवळ येणं वापरतो. बाधलेली पेशी चांगल्या पेशीला बिलगते, दोघींच्या कडा जुळतात, आणि तिथल्या तिथे तो इकडून तिकडे सरकतो. सुटा होऊन रक्तातून वाहत जाण्यापेक्षा ही वाट त्याला सोपी पडते. ज्या पेशींनी आपल्याला राखायचं, त्याच अशा एकेक करून कामातून जातात.

तू इथवर ऐकलंस. बिलगल्याने पसरतो, एवढंच कानात घेऊन निघालास. बाई तुला हाका मारत जिन्यापर्यंत आल्या होत्या.

पुढचं मी ऐकून आले. ते बिलगणं एकाच माणसाच्या शरीरातल्या पेशींचं असतं. माणूस माणसाला बिलगला, तर तो कातडीतून पलीकडे जात नाही. हात धरल्याने, एका ताटात जेवल्याने, लेकराचा मुका घेतल्याने काही होत नाही. रक्तातून, नवराबायकोच्या संबंधातून, आईकडून बाळाला, अशाच त्याच्या वाटा आहेत. घ्यायची काळजी बाईंनी सुमनला नीट सांगितलीय. ते काही थोरल्या बहिणीने पत्रात लिहायचं नसतं. तिच्या रक्ताच्या तपासणीत काही निघालं नाही. काही आठवड्यांनी पुन्हा करायचीय, तेव्हा मी बरोबर जाईन.

तुला खोटा धीर देत नाही. हा आजार मुळातून काढणारं औषध आज नाही. पण तुझा खोकला क्षयाचा आहे आणि त्यावर उपचार आहेत, असं बाई म्हणाल्या. तुझ्या गोळ्या सुरू होऊन महिना झालाय, म्हणून आता तो जवळच्यांना लागायची भीतीही फारशी नाही; पण त्या मधे सोडायच्या नाहीत. हे तुझ्याकडे कुठून आलं, ते मी विचारलं नाही आणि विचारणारही नाही. सुमननेही विचारलेलं नाही. इथे आईला मी सगळं सांगितलं, निंबा. तुला राग येईल, पण गावातून कानावर येण्यापेक्षा माझ्या तोंडून बरं. तिने शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "मना पोर्‍या शे तो. त्याले घर लई ये." आणि तुला घरी आणायचं म्हणून तुझी गोधडी उन्हात टाकायला उठली.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. दुपारी मी उजूची वेणी घालत होते. आरशात माझ्याकडे बघत तिने विचारलं, "आत्या, मी अण्णांचं काय केलं?" मला आधी कळेना. तिला वाटतंय, तिच्याच हातून काही चुकलं, म्हणून तू तिला बांधावरूनच परत पाठवतोस. सहा वर्षांच्या पोरीने हे कुणालाही न सांगता मनात ठेवलं होतं. विषाणूचं तिला काय समजावू? तिला माझं सांगणं नको, तू हवा आहेस. उद्या गावाकडे येणारा वना हे पत्र तुझ्या हातात देईल. रविवारी सकाळच्या बसने मी तिला घेऊन मळ्यात येते. ती धावत येईल. तू मागे सरकू नकोस. तिला उचलून घे.

तुझीच,
अक्का