घंटी वाजली आणि मी उठले

प्रिय आई,

आधी आशीर्वाद दे, मग पुढचं ऐक. मी बरी आहे, जेवण वेळेवर होतंय. न्यूयॉर्कला अजून थंडी आहे. हे अक्षर मैत्रीण इरिसचं आहे. माझी बोटं जरा आखडलीत, एवढंच.

काल नगर परिषदेत जाहीर सुनावणी होती. आजाऱ्यांची घरी सेवा करणाऱ्या बायकांना सलग चोवीस तास राबवू नये, असा कायदा आम्ही मागतोय. प्रत्येकीने दोन मिनिटं बोलायचं, मग घंटी वाजते. ती वाजली तशी मी बोलणं अर्धं टाकून दाराकडे निघालेच. मी जिच्या उशाशी असते ती म्हातारी रात्री कूस बदलून हवी असली की अशीच घंटी वाजवते.

“अगं बाई, कुठे निघालीस? इथे कुणाला कुशीवर वळवायचंय?” इरिस ओरडली. सगळे हसले. अध्यक्षबाई मात्र हसल्या नाहीत.

माझ्यानंतर त्या म्हातारीचीच मुलगी बोलली, कायद्याच्या विरोधात. म्हणाली, “दुसरी बाई कोण पाठवणार? ही रात्री घरी गेली तर माझ्या आईला कुशीवर कोण वळवणार?” मला राग यायला हवा होता. रडू आलं.

निर्णय पुढे ढकललाय. आज पुन्हा त्यांच्याकडेच कामाला जायचंय.

आई, पडल्यापासून तुला रात्री कोण वळवतं गं? धाकट्या रादामेसला एकट्याला तू पेलत नसशील. फोनवर तो म्हणतो, “ताई, सगळं ठीक आहे.” मीही तुला तेच लिहिते.

तुझी लेक,
मिनेर्वा