झुंबरातले नऊ दिवे

कोकंद, ४ मे

ती. सालोमत आपास, धाकट्या ओर्तिकचा सादर सलाम, वि. वि.

तुझा ताश्कंदहून फोन आला की सगळं तुझी भावजय होसियतच बोलून घेते, माझ्या वाट्याला नुसती तुझी तब्येत उरते. म्हणून हे पत्र. बातमी अशी की मी घरात वीजबचत सुरू केली आहे. पाहुण्यांच्या खोलीतल्या झुंबरातले बारापैकी नऊ दिवे काढून टाकले. छत किती उंच आहे ते तुला ठाऊकच आहे. अब्बांना बहुतेक उंटावर बसून जेवायचं होतं. शिडी मेहुण्याकडे आहे, पण जर्दाळू काढायची काठी आहे ना, टोकाला डबा असलेली? डब्यात फडकं कोंबलं, त्यात दिवा धरला, फिरवला, की अलगद डब्यात. एकही फुटला नाही.

होसियत म्हणते, आत्ताच्या आत्ता परत लाव. कसा लावणार? काठीने दिवा उतरतो, चढत नाही. तिची घाई अशासाठी की वीस तारखेला आपल्या झिलोलाला मागणी घालायला बायका येणार आहेत. मुलगा झाफर, तिसऱ्या गल्लीतला, दातांच्या कवळ्या करतो. तीन दिव्यांत पुलाव दिसतो, माणसं दिसतात. आणखी काय बघायचंय त्यांना?

तुझ्या गुडघ्याला जप. भावावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा ओर्तिक

ताश्कंद, ११ मे

चि. ओर्तिक यास आपाचे अनेक दुवा.

वीजबचत म्हणे. अरे, जन्मात तू मोरीतला दिवा विझवला नाहीस. मीच तुझ्यामागे फिरून बटणं बंद करायचे. मला नाकाने कांदे सोलून दाखवू नकोस. खोली अंधारी दिसली की बायका नाक मुरडून परत जातील आणि पोरगी तुझ्यापाशी राहील, हा तुझा डाव मला तुझ्या पहिल्याच ओळीत कळला.

ती जाऊन जाऊन जाणार कुठे, तर तिसऱ्या गल्लीत. तिच्या सासरी तंदूर पेटला तर धूर तुझ्या अंगणात येईल. आणि तिला झाफर आवडतो, हे सगळ्या कोकंदला माहीत आहे, एक तू सोडून. स्थळ मोडलं तर ती तुला एका शब्दाने बोलणार नाही. रोज मुकाट्याने तुझ्यापुढे चहा ठेवत राहील. ते सोसेल तुला?

शेजारणीच्या गाडीतून बारा एलईडी दिवे पाठवते आहे. बाराही मिळून तुझ्या तीन जुन्या दिव्यांपेक्षा कमी वीज खातात. पंधरा वर्षं टिकतील असं डब्यावर छापलंय. आता बोल. शिडी नसेल तर झाडावर चढतोस तसा चढ, पण लाव.

होसियतला आणि पोरीला दुवा. रागावले तरी आपाच आहे, हे ध्यानात असू दे.

सालोमत

कोकंद, २१ मे

ती. आपास सादर सलाम, वि. वि.

तुझं चहाचं वाक्य मला लागलं. दोन दिवस मी झिलोलाकडे बघितलंच नाही. मग होसियतला म्हणालो, लावतो.

शिडी नव्हतीच. होसियतने रुखवताच्या सतराही रजया कोनाड्यातून काढून झुंबराखाली रचल्या आणि मला वर चढवलं. अकरा दिवे लावून झाले. बारावा हातात होता, तोच बायका आल्या, ठरल्या वेळेच्या तासभर आधी. होसियत दाराकडे धावली. रजयांचा ढीग डुलायला लागला आणि मी झुंबराला धरून तसाच छतापाशी बसून राहिलो. अशा वेळी मुलीच्या बापाने घरात थांबायचं नसतं. मी तर त्यांच्या डोक्यावर बसलो होतो.

झाफरची आजी सबोहत वर बघून म्हणाली, घरधनी बरे उंचावर आहेत. मी वरूनच सलाम केला. दुवा मागायला दोन्ही हात उचलावे लागले, तेव्हा ढीग असा कलला की चारही बायका मागे सरकल्या. झिलोला चहा घेऊन आली. नजर खाली ठेवायची रीत, पण तिने वर पाहिलं आणि तिला हसू आवरेना. किटली घेऊन ती भिंतीला टेकली.

आजीने विचारलं, हे दिवे आजच का? आपा, काय झालं कोण जाणे, मी खरं ते बोलून गेलो. म्हणालो, उजेड केला तर तुम्ही माझी पोरगी घेऊन जाल, म्हणून काढले होते. मग आजी म्हणाली, माझ्या लेकीच्या वेळी माझ्या नवऱ्याने मागणी घालायला आलेल्यांवर कुत्रा सोडला होता, तुम्ही निदान दिव्यांवरच थांबलात.

मग तिने एकेक रजई चाचपली. म्हणाली, इतक्या वजनाचा माणूस बसलाय तरी कापूस दबला नाही, शिवल्यात कुणी? झिलोलाने, असं होसियतने सांगितलं. आजीने तिथेच होकाराची नान मोडली. ठरलं. मला त्यानंतर उतरवलं. सप्टेंबरात लग्न आहे. मी रडलो, पण वर असतानाच, त्यामुळे कुणाला दिसलं नाही.

दिवे छान आहेत. तुझ्या दुवांचा हात पाठीवर असू दे.

ओर्तिक

ताश्कंद, २ नोव्हेंबर

चि. ओर्तिक यास अनेक दुवा.

लग्नात नाचून गुडघा दुखावला, त्याचं काही वाटत नाही. पण होसियतने कळवलंय की महिन्यात तुझ्या झुंबरातले चार दिवे गेले. दर शुक्रवारी झिलोला आणि झाफर हातगाडीवर सतरा रजया लादून तीन गल्ल्या ओलांडून येतात, दिवा बसवतात, पुलाव खाऊन जातात. वाटेत लोक उभे राहून बघतात म्हणे.

डब्यावर पंधरा वर्षं लिहिलं होतं. आणि तुझी शिडी मेहुण्याकडून अजून का आली नाही?

खरं काय ते लिही. दुवा आहेतच.

सालोमत

कोकंद, ९ नोव्हेंबर

ती. आपास सादर सलाम, वि. वि.

दिवे उत्तम आहेत, त्यांना दोष देऊ नकोस. काठीने अर्धाच फेरा सैल केला की दिवा विझतो. होसियतला कळवू नकोस. शिडी मी मेहुण्याला देऊन टाकली.

भावाचा अपराध पोटात घाल.

ओर्तिक

ता. क. या शुक्रवारी दोन दिवे जातील. एकच असला की पोरं फार लवकर निघतात.