रात्री बारा वाजून नऊ मिनिटांचा सूर्य

नागापूर एमआयडीसी, अहिल्यानगर
बुधवार, ६ मे २०२६

ती. भिमाजीमामा यांस ज्ञानेश्वरीचा नमस्कार.

घडले ते असे:

१. गेल्या वर्षी २४ ऑक्टोबरला, भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, मी नव्या कॅमेऱ्याने तुमच्या रानाचा फोटो काढला.
२. तो घरच्या ग्रुपवर टाकला.
३. जानेवारीत तुम्ही तुमच्या रानातून बनुबाईच्या शेताकडे जाणारा रस्ता नांगरला.
४. एप्रिलमध्ये बनुबाई ऊसतोडीहून परतली. रस्ता सापडला नाही, म्हणून तिने तहसीलला अर्ज केला.
५. तुम्ही उत्तराला माझा फोटो जोडला आणि लिहिले की, २०१९ सालीही तिथे रस्ता नव्हता.
६. काल मला तुमच्या वकिलांकडून प्रतिज्ञापत्र आले. त्यावर माझी सही हवी आहे.

पत्रात आधी खुशाली विचारायची असते, हे मला माहीत आहे. क्रम चुकला. मामींचे गुडघे कसे आहेत? तुमची तब्येत उत्तमच असणार. बैलगाडी जाईल एवढा रस्ता एका सकाळी नांगरून टाकणाऱ्या माणसाची काळजी करण्याचे कारण दिसत नाही. मी बरी आहे. राग आहे, ताप नाही.

आता त्या फोटोविषयी. पहिल्या सहा महिन्यांच्या पगारातून मी हा कॅमेरा घेतला आणि खोक्यातून पहिल्यांदा बाहेर काढला तो तुमच्या बांधावर. सुरू केल्या केल्या त्याने तारीख विचारली. सूर्य डोंगराला टेकायला आला होता, म्हणून मी ‘नंतर’ हे बटण दाबले. (कंपनीत मी मोजमापे तपासते. शाफ्टचा व्यास दोन शतांश मिलिमीटरने चुकला तरी मी तो परत पाठवते आणि सुपरवायझर माझ्याशी वाद घालत नाहीत. त्या मुलीने तारीख न भरता कॅमेरा वापरला, ही गोष्ट कंपनीत कोणाला कळू नये.) तारीख भरली नाही की हा कॅमेरा १ जानेवारी २०१९, रात्री बारा, इथून मोजायला लागतो. फोटोच्या कोपऱ्यात नारिंगी आकड्यांत तारीख-वेळ उमटते. ती बंद कशी करायची, हे मला डिसेंबरात समजले.

त्या संध्याकाळी मी एकूण एकतीस फोटो काढले. तेवीस फोटोंत क्षितिज डावीकडे कलले आहे, जणू तुमच्या शिवारातले सगळे पाणी बीड जिल्ह्यात वाहून जावे. पाचांत आभाळ धुतलेल्या धोतरासारखे पांढरे आहे. एकात माझा अंगठा. उरलेल्यांतला बरा एक ग्रुपवर टाकला, तर मावशीने विचारले, जेवलीस का? कोणीतरी त्याच फोटोवर गुलाबाचे फूल आणि ‘शुभ सकाळ’ चिकटवून तो मलाच परत पाठवला. तुम्ही तेवढे विचारलेत, “आपलंच रान हाय ना हे?” मला वाटले, एका माणसाने तरी नीट पाहिला. खरोखरच नीट पाहिला होतात.

त्या फोटोत रस्ता नाही, हे खरे आहे. तो मी काढला. फोटोतून. नवशिक्यांसाठीच्या एका व्हिडिओत सांगितले होते की, नजर भटकवणारी वस्तू चौकटीबाहेर ठेवावी. रस्ता मध्येच घुसत होता, म्हणून मी चार पावले उजवीकडे सरकले. त्याच रस्त्याने डोक्यावर घासाचा भारा घेऊन बनुबाई येत होती. मी तिला हात करून थांबवले. म्हटले, मावशी, थोडे मागे थांबता का, मला फक्त निसर्ग हवा आहे.

ती म्हणाली, “मी न्हाई व्हय निसर्गात? बरं बाई, थांबते.”

मी म्हटले, रस्तापण नको आहे.

“मंग त्यो बी घडी घालून काखंत धरू का?”

आणि ती भाऱ्यासकट थांबली. चांगली दहा मिनिटे, मामा. माझे सगळे फोटो काढून होईपर्यंत. पुढच्या आठवड्यात ती कोयता घेऊन कारखान्यावर गेली, आणि ती तिकडे मोळ्या बांधत असताना तुम्ही तिचा विनोद खरा करून दाखवलात.

काल मी फोन केला तेव्हा तुम्ही म्हणालात, “लेकी, तुझा फोटू लई कामाला आला. तू इंजिनेर हायस, तुला कोन खोटं म्हनंल?” नेमके तेच. मला कोणी खोटे म्हणणार नाही, आणि म्हणून मी सही करायची. प्रतिज्ञापत्रात लिहिले आहे की, हा फोटो मी १ जानेवारी २०१९ रोजी काढला. त्या रात्री मी पॉलिटेक्निकच्या वसतिगृहात होते. कॅमेरा नव्हता. हे मॉडेल तेव्हा जगात कुठेच नव्हते. तुमच्या वकिलांनी तारीख वाचली, पण शेजारची वेळ वाचली नाही. तिथे रात्रीचे बारा वाजून नऊ मिनिटे उमटली आहेत. आणि गर्भगिरीच्या डोंगरावर सूर्य लखलखीत आहे. तुम्ही त्याची बारा बाय अठराची प्रत काढून, लॅमिनेशन करून तहसीलदारांपुढे ठेवली आहे. मोठी केल्याने सूर्यही मोठा दिसतो, हे कोणाच्या लक्षात आले नाही का?

मी लहान असताना तुम्ही मला त्याच रस्त्याने खांद्यावर बसवून बनुबाईच्या बोरीखाली न्यायचात. म्हणून हे पत्र आधी तुम्हाला लिहिते आहे, तहसीलला नाही. जूनमध्ये तिला बाजरी पेरायची आहे. बियाणे डोक्यावरून नेता येईल, ट्रॅक्टर नेता येणार नाही. रान पडीक राहिले तर पुढच्या दिवाळीनंतर तिला पुन्हा कोयत्याशिवाय दुसरे काही उरणार नाही.

मी सही करणार नाही. फोटो मागे घ्या आणि रस्ता पूर्वी होता तसा करून द्या. सुनावणी सोमवारी, १८ तारखेला आहे.

मामींना नमस्कार.

तुमची भाची,
ज्ञानेश्वरी

ता. क. माझ्याकडे त्याच संध्याकाळचा आणखी एक फोटो आहे. मी चार पावले सरकण्याआधीचा. तो मी बिघडलेला म्हणून बाजूला ठेवला होता. त्यात रस्ता स्पष्ट दिसतो. रस्त्यावर भारा घेतलेली बनुबाई आहे, आणि तिच्या मागे मोटारसायकलवर तुम्ही आहात, तिने बाजूला व्हावे म्हणून हॉर्न वाजवताना. त्याच्या कोपऱ्यात वेळ बारा वाजून सात मिनिटे आहे. म्हणजे तुमच्या वकिलांच्या हिशेबाने १ जानेवारी २०१९ रोजी बारा सातला रस्ता होता, तुम्ही त्यावर होतात, आणि बारा नऊला तो नाहीसा झाला. हे तहसीलदारांना तुम्ही समजावणार की मी?

ता. क. दुसरा: त्या बिघडलेल्या फोटोची एक प्रत मी काल बनुबाईला पाठवली. पुरावा म्हणून नाही; तिला दहा मिनिटे उभे केले होते म्हणून. (पुरावा म्हणून मूळ फाइल, कॅमेऱ्याचे बिल आणि तारखेचा खुलासा वेगळ्या पाकिटात भरून ठेवले आहे. पाकिटावर पत्ता घालायचा बाकी आहे.) तिने निरोप धाडला, “माजा भारा लई झ्याक आलाय, पर तुजा मामा वाकडा दिसतो.” तिचे बरोबर आहे. क्षितिज पुन्हा डावीकडे कलले आहे.

ता. क. तिसरा: ग्रुपवर चौतीस माणसे आहेत. फोटो चांगला आहे की नाही, हे आजवर एकानेही सांगितलेले नाही. तुम्ही तो बारा बाय अठरा करून हातात धरलात, म्हणजे तुमच्याइतका मोठा तो कोणीच पाहिलेला नाही. तेव्हा रस्त्याचे काय केले ते कळवताना, फोटो कसा वाटला, तेही एका ओळीत लिहा. खरे लिहा. उत्तर बुधवार, १३ मेपर्यंत मिळावे.