सगळं अंबड मला ओळखतं

सोमवार, ४ ऑगस्ट
डॉक्टर म्हणाले, बीपी वाढलंय, भांडणं कमी करा, मनात येईल ते वहीत लिहा. मी कधी भांडते? खरं बोलते, लोकांना लागतं. तरी लिहिते. लेकीची, आरोहीची, जुनी वही आहे, अर्धी कोरी.
गुडघे गेले. अंबडला कंपनीच्या गेटवर सकाळ-संध्याकाळ वडे तळत उभं राहणं आता होत नाही. विधवा बायकांना सरकारची मदत मिळते. ती सुरू झाली की संध्याकाळची गाडी बंद. उद्या तहसीलला जाते, एका फेरीत काम करून येते. शेजारची कुसाबाई त्याच मदतीसाठी कधीची चकरा मारतेय. तिला बोलता येत नाही. मला येतं.

मंगळवार, ५ ऑगस्ट
झालं नाही.
आधी दाखला पाहिजे म्हणे, तुम्ही इथल्याच आहात म्हणून. मी म्हटलं, मग काय दुबईहून आले? खिडकीतला साहेब म्हणाला, मावशी, आधारवर लताबाई, शाळेच्या दाखल्यावर मैना. या दोन बाया कोण?
दोन बाया! लग्नात नाव बदललं. ताटात तांदूळ पसरले, आमच्या मालकांनी अंगठीने लता लिहिलं, पेढे वाटले, मैना संपली. तुमच्या बायकोचं नाही का बदललं, असं विचारलं. नाही म्हणाला. आजकालच्या बाया.
तुम्हाला नावानिशी ओळखणारा साक्षीदार आणा म्हणाला. एकच? मी सगळं अंबड आणून उभं करीन.
आवाज अजिबात चढवला नाही. वॉचमन उगाच आला.

गुरुवार, ७ ऑगस्ट
कुंदनला नेलं. कंपनीत वेल्डर आहे, रोज माझ्या हातचे वडे खातो, सुट्टी टाकून आला. साहेबाने विचारलं, यांचं नाव? कुंदन म्हणाला, मावशी. पूर्ण नाव सांगा. कुंदनने माझ्याकडे बघितलं, मग म्हणाला, वडेवाली मावशी.
येताना विचारलं, गेटवर कुणाला तरी माहीत असेल की नाही माझं नाव? म्हणाला, मावशी, नावाची गरजच नाय पडली कधी. तुमचा आवाज पुरतो.
वाईट काही नाही यात. सगळे ओळखतात एवढं तर सिद्ध झालं.

शनिवार, ९ ऑगस्ट
साक्षीला ये म्हणायला माहेरी, विंचूरला, भावाला फोन केला. दीपक म्हणाला, दिवाळीत तूच म्हणालीस ना, मला बहीण नाही असं समज? समजलो. आणि ठेवला.
माणसं माझं नको तेवढंच मनावर घेतात.

रविवार, १० ऑगस्ट
नळावरच्या भांडणापासून कुसाबाईचं दार मी बघत नाही. आज गेले. विनंती वगैरे काही केली नाही, नुसती उंबऱ्याबाहेर उभी राहिले. ती आतूनच म्हणाली, ये मैने.
मी नवरी होऊन या गल्लीत आले तेव्हा तांदळाचं ताट तिनेच धरलं होतं. म्हणाली, उद्या दोघी जाऊ, माझंही नावावरूनच अडलंय. मी तुझी साक्ष देते, तू माझी दे.
ठीक आहे म्हटलं. तिचंही काम होऊन जाईल माझ्यामुळे.

सोमवार, ११ ऑगस्ट
माझं झालं.
कुसाबाई घडाघडा बोलली. मैना पुंजा, विंचूरची. ताटात लता लिहिलं तेव्हा ही रडत होती, तांदूळ ओले झाले, मीच पदराने डोळे पुसले हिचे. साहेबाने तिची सही घेतली. मी रडले नव्हते. स्वयंपाकाचा धूर होता.
मग तिची पाळी. साहेबाने मला विचारलं, यांचं लग्नाआधीचं नाव? कुसाबाईने तोंड उघडलं तर हात आडवा केला, साक्षीदाराला सांगू द्या म्हणाला.
मला माहीत आहे ना. डोळे पुसता पुसता तिने सांगितलं होतं. रडू नको, माझंही बदललं, मी पण अमुक होते, होईल सवय. अमुक. नळावर मी तिला काय काय म्हटलं ते सगळं तोंडपाठ आहे. हेच नाही.
हौसा सांगून बघितलं. साहेबाने तिचा कागद परत सरकवला. पुढच्या सोमवारी या.
बसमध्ये कुसाबाई खिडकीबाहेर बघत होती. मी म्हटलं, चूक तुझीच, अधूनमधून सांगत जायचं. उतरताना म्हणाली, कोणी विचारलं तर सांगणार ना.
तिची मदत अडली, ती काही माझ्यामुळे नाही. तरी उद्या नळावर तिच्याकडून नाव काढून घेते. सहज, इकडचं तिकडचं बोलता बोलता, तिला कळायचं पण नाही. मला येतं बोलता.