रोवेनाच्या बदल्यात

अल मलाझ, रियाध
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय ज्ञानदा,

तुझं घर माझ्या घरापासून गाडीने पंधरा मिनिटांवर, आणि मी तुला कागदावर लिहिते आहे. फोन तू उचलत नाहीस, मेसेज उघडत नाहीस. म्हणून हे पाकीट गिरीशकडे देते. तो ऑफिसात जयदीपला देईल आणि जयदीप तुला. आत काय आहे ते गिरीशला मी सांगितलंय. जयदीपला सांगायचं की नाही, ते तू ठरव.

आमच्याकडे सगळे बरे आहेत. शर्विलची सहामाही संपली. हवा आता सुसह्य झाली आहे, चार वाजता मैदानावर उभं राहता येतं. तुझा गुडघा कसा आहे? सूज उतरली पण जिना अजून चढवत नाही, असं जयदीप म्हणाल्याचं कळलं.

आपल्या सॉफ्टबॉल टीमचं सांगते. पाच सामने खेळलो, पाचही जिंकलो. रोवेनाबद्दल जे ऐकलं होतं ते खोटं नाही. बारा तास आयसीयूत नर्सची ड्युटी करून येते, दोन खजूर खाते, पाणी पिते आणि मैदानात उतरते. तिचा हात खालून फिरतो आणि बॅट उचलेपर्यंत बॉल माझ्या ग्लोव्हमध्ये असतो. चौथ्या सामन्यात तिने एकटीने अकरा बाद केले. फायनल २८ तारखेला आहे. चार वर्षांत आपण सेमीफायनलच्या पुढे गेलो नव्हतो, आणि आता समोरच्या टीमसुद्धा म्हणतात की कप मलाझचाच. मलाही तसंच वाटतं.

फक्त एक आहे. जळगावला आठवीत असल्यापासून तू बॉल टाकायचीस आणि मी बॅटरच्या पाठीमागे उकिडवी बसून झेलायची. आपल्याला खुणा कधी लागल्याच नाहीत. रोवेनाला मी बोटांनी खूण करते आणि ती निम्म्या वेळा मान हलवून नाही म्हणते. बरोबरही तिचंच असतं.

बघ, पान भरत आलं आणि मी अजून सामन्यांवरच आहे. खरं सांगायचं ते लांबवते आहे, झालं.

ऑगस्टच्या शेवटी मी तुझ्याकडे आले होते. लिगाया कॅप्टन असलेल्या नर्सेसच्या टीमशी अदलाबदल ठरते आहे हे तुला माहीत होतं. रोवेनाची बदली आपल्या भागातल्या हॉस्पिटलात झाली होती, तिला इकडून खेळणं सोयीचं होतं. तिच्या बदल्यात आपली एक खेळाडू द्यायची होती. तू कणीक मळत होतीस. मी म्हटलं, "त्यांना तूच हवी आहेस. दुसरं कोणी नको म्हणतात."

तुझे हात थांबले. तू म्हणालीस, "मी? त्यांनी माझं नाव घेतलं?" आणि हसलीस. चाळिशी उलटल्यावर आपल्याला कोणीतरी नाव घेऊन मागतं आहे, याचं ते हसू होतं. इतक्या वर्षांच्या टीममधून जायचं म्हणून तू रडशील, भांडशील, या तयारीने मी आले होते. तू मला चहा दिलास.

ज्ञानदा, लिगायाने तुझं नाव घेतलं नव्हतं. माझं घेतलं होतं.

तिची कॅचर नोकरी संपवून कायमची मायदेशी गेली होती, आणि मी कॅचर आहे. इतकं ते साधं होतं. मीच तिला सांगितलं की मी कॅप्टन आहे, मला सोडता येणार नाही, ज्ञानदाला घे, ती कॅचिंगही करते. शाळेत मला ताप आला तेव्हा तू दोन सामने माझ्या जागी बसली होतीस, त्या जोरावर. लिगायाने विचारलं, तिला काही दुखणं वगैरे? मी नाही म्हणाले.

तुझ्या डाव्या गुडघ्याचं मला माहीत होतं. टीममध्ये फक्त मला माहीत होतं. उकिडवं बसायचं नाही असं डॉक्टरांनी बजावल्यावर तू मलाच येऊन सांगितलं होतंस.

तिकडे तुला पाठीमागे बसवलं तेव्हा तू नाही म्हणाली नाहीस. ज्यांनी नाव घेऊन मागितलं त्यांना नाही कसं म्हणायचं, असंच तुला वाटलं असणार. म्हणजे माझ्या थापेनेच तुला खाली बसवलं. तिसऱ्या सामन्यात तू कोसळलीस तेव्हा मी कुंपणापाशी उभी होते, आमचा सामना पुढचा होता. मी धावत आले, हात पुढे केला. तू लिगायाचा हात धरून उठलीस. हॉस्पिटलच्या वाटेवर लिगाया तुला सहज बोलून गेली की आम्ही खरं तर विभावरीला मागितलं होतं. हे तिनेच मला नंतर सांगितलं. बिचारीला वाटत होतं की तुला ठाऊकच असेल.

मी असं का केलं, ते दोन महिने शोधते आहे. कप हवा होता, हे खरं. पण तेवढंच नाही. तू इथे शाळेत शिकवतेस, तुझ्या इकाम्यावर, इथे राहायच्या परवान्यावर, तुझी नोकरी आहे. मी पुण्याची नोकरी सोडून आले आणि माझ्या इकाम्यावर मी गिरीशची बायको आहे. या शहरात ती टीम एवढीच माझी होती. लिगायाच्या टीममध्ये मी पंधराजणींतली एक झाले असते. ते मला सोसलं नसतं, म्हणून मी तुला पुढे केलं. हे कारण आहे, सबब नाही. दोन्हींतला फरक तू नीट ओळखशील.

गेल्या शुक्रवारी सरावाआधी मी सगळ्याजणींना हे सांगितलं. रोवेना बुटांच्या नाड्या सोडत बसली होती, ती तशीच बसून राहिली. मी माफी मागितली, म्हटलं, कॅप्टनपद सोडते, फायनललाही खेळत नाही. मेहनाज, आपली श्रीवर्धनची, तू ओळखतेसच ती किती कमी बोलते. ती म्हणाली, "कॅप्टनपद सोड. पण खेळायचं तुला. घरी बसून शिक्षा भोगल्यासारखं वाटेल, आणि तुलाच बरं वाटेल. ते नको. माफी आमच्याकडे काय मागतेस? ती द्यायचा हक्क आमचा नाहीच."

आता मेहनाज कॅप्टन आहे. मी खेळणार आहे. रोवेना माझ्याशी मैदानाबाहेर बोलत नाही, पण बॉल अचूक टाकते.

आम्ही जिंकू बहुतेक. तुझ्या गुडघ्याची किंमत देऊन जिंकू, हे आता सगळ्यांना माहीत असेल. तुला बोलावत नाही, तेवढा कोडगेपणा माझ्यात नाही. डॉक्टरकडे न्यायला, शाळेत सोडायला गाडी लागली तर निरोप दे, हे मात्र निर्लज्जपणे लिहिते.

माफ कर असं लिहून दोनदा खोडलं. ते मागायला मी तुझ्या दारात यायला हवं, कागदाआड लपून नाही. तू ये म्हणालीस तर त्याच दिवशी येईन. उत्तर नाही दिलंस तरी चालेल, असं लिहून पत्र संपवणार होते. पण तुझ्याशी आणखी खोटं बोलायचं नाही असं ठरवलंय. चालणार नाही, ज्ञानदा.

वाट बघणारी,
विभावरी