शेवटच्या प्रकरणाची अकरा पानं

प्रिय ताईस,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकून हे खरोखरच, टेबल बुटकं आहे.) तुझा गुडघा कसा आहे? बसलं की उठवत नाही आणि उठलं की बसवत नाही, असं तू मागे लिहिलं होतंस. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम तू करत नसणार, हे मी धरूनच चाललो आहे. भाऊजींचा खोकला, जावयांची नवी नोकरी आणि कुंडीतलं लिंबाचं झाड या सगळ्यांची चौकशी एकदमच करतो, पुढे सवड मिळणार नाही. इकडे सगळे ठीक. (सगळे म्हणजे बायको आणि मांजर.) जे सांगायचं आहे ते फोनवर सांगणार होतो. या आठवड्यात तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा आपण पाण्याच्या टाकीबद्दल बोललो, हे तुला आठवत असेल. टाकीला काहीही झालेलं नाही.

मी कॉलेजात चौदा वर्षं अमेरिकन कादंबरी शिकवतो हे तुला ठाऊक आहे. नेमकं काय शिकवतो हे तू कधी विचारलं नाहीस, आणि तेच आता सांगणं भाग आहे. माझ्या वाट्याला एक साडेतीनशे पानी कादंबरी आहे. तिचा नायक एका लहानशा गावातल्या रेल्वे स्टेशनवरचा कारकून. गावातली लाकडाची वखार कोणी पेटवली हे त्याने डोळ्यांनी पाहिलेलं असतं, पण गावाने आळ घेतलेला असतो परगावच्या एका मजुरावर. वाणी, पाद्री, वरिष्ठ, खुद्द बायको, सगळे त्याला गप्प बस म्हणतात, आणि तो बसतो. (गाव करी ते राव न करी, ही म्हण तिकडच्या लोकांना साडेतीनशे पानांत सांगावी लागते.) शेवटच्या प्रकरणात गावची सभा भरते, कारकून उभा राहतो आणि खरं बोलतो. ‘नायकाची नैतिक वाढ व समाजाचा प्रभाव यांची चर्चा करा’ हा माझा दरवर्षीचा प्रश्न, सोळा गुणांचा. आणि गेली नऊ वर्षं माझे विद्यार्थी एकमुखाने लिहीत आले आहेत की वाढबीढ काही होत नाही. कारकून घरी येतो, गार झालेलं सूप पितो, खिडकी लावतो, समाज जिंकतो. मी सगळ्यांना चार-चार गुण देत आलो, आणि लाल शाईत शेरा: ‘पुस्तक पूर्ण वाचावे.’ दोन वर्षांपूर्वी एक मुलगी पेपर घेऊन माझ्या खोलीत आली होती. “सर, मी पूर्ण वाचलंय. तो उठतच नाही हो.” मी तिला म्हणालो, की आळस लपवण्यापेक्षा कबूल करण्यात जास्त मोठेपणा असतो. ती रडली नाही. नुसती बघत राहिली. ते बघणं मी त्या दिवशी डायरीत लिहून ठेवलं आहे, ‘उद्धट’ या शब्दासह.

गेल्या महिन्यात ग्रंथालयाची मोजदाद झाली. त्या कादंबरीची कॉलेजात एकच प्रत आहे, मुलं तिच्याच झेरॉक्स काढून वापरतात. तिची शेवटची अकरा पानं नाहीत असं आढळलं. त्याआधीचं प्रकरण इतकं बेताने संपतं, की पुस्तक तिथेच संपलं असं कोणालाही वाटावं. चौकशीसाठी तिघांची समिती नेमली: रसायनशास्त्राचे सर, हेडक्लार्क आणि विषयतज्ज्ञ म्हणून मी. रसायनवाल्यांनी पुस्तक खिडकीपाशी नेऊन पाहिलं आणि म्हणाले, “ब्लेडचं काम आहे. आणि रेघ बघा किती सरळ! शिकलेला माणूस दिसतो.” (ताई, मला क्षणभर बरं वाटलं. का वाटलं ते तेव्हा कळलं नाही.) मग ग्रंथपालबाईंना बोलावलं. बाई तू या कॉलेजात शिकत होतीस तेव्हापासून तिथे आहेत, तुला आठवत असतील. पुस्तक परत करायला उशीर झाला की बोलायच्या नाहीत, नुसता चष्मा पुसायच्या. निवृत्तीला सात महिने राहिलेत. त्या एवढंच म्हणाल्या, “मी पुस्तकांना कव्हरं घालते, सर. फाडीन कशाला?” आणि माझ्याकडे वळून, “तुम्ही तर ओळखता मला.” हेडक्लार्क म्हणाले, “ओळखीचा प्रश्न नाही हो बाई. तुमच्या ताब्यातलं पुस्तक, तुमची जबाबदारी. सही करा, वरच्या वर मिटवू.” बाईंनी सही केली नाही. त्यानंतर मी वीस मिनिटं बोललो. पुस्तक कापणाऱ्याचं मन कसं असतं, पिढ्यांचं नुकसान कसं होतं, आणि डोळ्यांदेखत हे होऊ देणाराही तितकाच दोषी कसा असतो. माझा आवाज भरून आला होता. तिघांनी अहवालावर सह्या केल्या: हलगर्जीपणा सिद्ध, निलंबनाची शिफारस.

घरी आलो आणि नेहमीप्रमाणे डायरी लिहायला बसलो. कादंबरीचं शेवटचं प्रकरण पूर्वी कसं शिकवलं होतं ते पाहावं म्हणून नऊ वर्षांपूर्वीची डायरी काढली. तिच्या पुठ्ठ्याच्या खिशात अकरा पानं होती. त्या दिवशीची नोंद माझ्याच अक्षरात: ‘बांधणी घट्ट, झेरॉक्स नीट येत नाही, म्हणून पानं काढून घेतली. मशीन बंद. उद्या छापून डिंकाने परत चिकटवणे.’ दुसऱ्या दिवशीची नोंद दीड पान आहे. दूधवाल्याशी मी वाजवीपेक्षा मोठ्याने बोललो का, यावर. डिंकाचा उल्लेख नाही. त्यानंतरच्या नऊ वर्षांतही नाही. सगळ्या डायऱ्या तपासल्या. प्रामाणिकपणाबद्दल मात्र चाळीसेक नोंदी सापडल्या.

याला आज नऊ दिवस झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पानं पिशवीत घालून निघालो होतो, ही खरी गोष्ट आहे. जिन्यातच प्राचार्य भेटले. म्हणाले, तुमच्या भाषणाने डोळे उघडले, विभागप्रमुखपदासाठी तुमचंच नाव पुढे करतोय. पुढच्या जिन्यावर रसायनवाल्यांनी पाठ थोपटली. मास्तरांच्या खोलीत माझ्यासाठी आधीच चहा ओतून ठेवलेला होता, यापूर्वी कोणी ठेवला नव्हता. मी चहा प्यायलो आणि पिशवी घरी घेऊन आलो. (कारकुनाचं सूप निदान गार तरी होतं.) परवा ग्रंथालयात गेलो, तर बाईंनी टेबलाखालून एक पुस्तक काढलं. “तुमच्या विषयातलं नवीन आलंय. मुलांच्या हाती जायच्या आत तुमच्यासाठी बाजूला ठेवलं.” कव्हरही घातलेलं होतं. मी आभार मानले आणि बाहेर येऊन पायरीवर बसलो.

येत्या सोमवारी साडेअकराला हॉलमध्ये सर्वांसमोर अहवाल वाचून मंजूर होईल. मंजूर झाला की बाई त्याच दुपारी घरी बसतील, आणि निवृत्तीचे कागद अडकतील ते कधी सुटतील कोण जाणे. बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “मग सांगून टाका की.” मी मांजराला खायला घातलं. तुला लिहिण्यात काही हेतू नाही, नुसतं मन हलकं करतो आहे. काळजी करू नकोस. भाऊजींना नमस्कार, लिंबाला पाणी.

तुझा,
धाकटा

ता. क. पाकीट चिकटवण्याआधी ती अकरा पानं नऊ वर्षांनी पुन्हा वाचली. इतकी वर्षं ज्यांवरून शिकवत आलो त्या माझ्या टिपणांत ‘इथे सदसद्विवेक जागा होतो’ असं अधोरेखित आहे. पानांत तसं काही नाही. कारकून बाकाच्या कडेला बसलेला असतो, आणि सभेत बोलायचं नाही असं त्याने पक्कं ठरवलेलं असतं. त्याच्या शेजारी, भिंतीला लागून बसलेल्या बहिऱ्या म्हातारीला वाटतं सभा संपली, म्हणून ती उठते. तिला वाट द्यायला हाही उठतो. सगळं गाव त्याच्याकडे बघतं. आता उठलोच आहोत, म्हणून तो बोलतो. एवढंच आहे, ताई. आणि वाढबीढ काही होत नाही म्हणणाऱ्या मुलांना मी नऊ वर्षं सोळातले चार गुण देत होतो.

आणखी एक. सोमवारी माजी विद्यार्थ्यांना हॉलमध्ये बसता येतं. लहानपणी तू माझ्यासाठी मार खायचीस, तसलं काही मागत नाही. तू बोलू नकोस, माझ्याकडे बघूही नकोस. फक्त माझ्या शेजारी, भिंतीच्या बाजूला बस, आणि अहवाल वाचायला लागले की मध्येच ऊठ. गुडघा आखडला म्हणून सांग. ते खोटंही होणार नाही.

शेवटचं. अकरा पानं या पत्रासोबत पाठवली आहेत. ती माझ्याकडे राहिली तर मी काय करीन याची मला खात्री नाही. तू आली नाहीस तर सोमवारी माझ्या हातात पुरावा नसेल, आणि मला किती हायसं वाटेल हे मी आजच डायरीत लिहून ठेवलं आहे. म्हणून ये. पहिल्या गाडीने ये, आणि येताना डिंकाची बाटली आण.