सकाळचे सहा, संध्याकाळचे सहा

२ फेब्रुवारी
चाळीस उंदीर. प्रत्येकाच्या पाठीवर हरभऱ्याएवढी जखम. निम्म्यांना केमोचं औषध सकाळी सहाला, निम्म्यांना संध्याकाळी सहाला. कोणाची जखम आधी भरते ते बघायचं. घरातली पहिली पदवीधर मी — आणि पहिलंच काम इतकं मोलाचं! आईच्या ऑपरेशनची जखमही केमो सुरू झाल्यापासून ओलीच आहे. तिचा केमोचा नंबर दुपारी तीनला असतो.

४ फेब्रुवारी
औषधाच्या कपाटाची किल्ली प्रयोगाच्या प्रमुख सरांकडे. सर येतात अकराला. आज 'सकाळचे सहा' अकराला वाजले.

५ फेब्रुवारी
संस्थेची गाडी पाचला सुटते. 'संध्याकाळचे सहा' चारलाच उरकले.

११ फेब्रुवारी
मोठ्या साहेबांचा निरोप समारंभ. चाळिसांनाही एकदमच बाराला टोचलं. नोंदवहीत काय लिहू, विचारलं.
"सहा आणि सहा," सर म्हणाले. "अगं, उंदराला घड्याळ कळतं का?"
आपला प्रयोग नेमका तेच तर विचारतोय — हे ओठांवर आलं, गिळलं. नोकरी कच्ची आहे. सहा आणि सहा लिहिलं, खाली सही केली. अक्षर मोत्यासारखं आहे म्हणाले.

२० फेब्रुवारी
गेल्या आठवड्यात आईच्या डॉक्टरांना गाठलं होतं. नक्की कुणालाच ठाऊक नाही, पण सकाळी घेऊन बघायला हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग सिस्टरांच्या चार दिवस विनवण्या केल्या — सकाळचा नंबर मिळाला!

१५ मार्च
आईची पट्टी आज पहिल्यांदा कोरडी निघाली. योगायोग असेल. असू दे.

२८ मार्च
निष्कर्ष निघाला : औषधाच्या वेळेने जखमेत फरक पडत नाही. पडेल कसा? वेगळी वेळ होती कुठे! सरांना शंका येईल म्हणून वाट पाहिली. सरांनी पाठ थोपटली.

१२ एप्रिल
संस्थेच्या पत्रिकेत छापून आलं. सरांच्या खाली माझं नाव. बाबांनी अख्ख्या गल्लीला दाखवलं, वाचता येणाऱ्यांना दोनदा. आईने त्या पानाची घडी करून पर्समध्ये ठेवली. खरं सांगायला तोंड उघडलं — तिचा चेहरा बघून मिटलं.

१६ एप्रिल
आईने सकाळचा नंबर दुपारच्या नंबरवाल्या एका बाईला देऊन टाकला. दुपारी कामावर जावं लागतं म्हणे तिला.
"आणि वेळेने काय फरक पडतो? माझ्या लेकीनेच शोधलंय."
पान उलगडून, माझ्या नावावर बोट ठेवून त्या बाईला दाखवलंसुद्धा.